निपाणी ते बेळगाव, तिसरा दिवस

सुगी लागली की माझे पाय मला न विचारता हलायला लागतात. हातमागावर बसलेला असलो तर काही बिघडत नाही, तिथं पाय हलायलाच हवेत. पण जेवायला बसल्यावर, देवळात कीर्तन ऐकताना, न्हाव्यापुढं मान देऊन बसल्यावरसुद्धा गुडघे आपले वर-खाली, वर-खाली. बायको बघते आणि जावेला सांगते, "झालं ह्यांचं सुरू."

गेल्या आठवड्यात लुगड्यांचा गठ्ठा घेऊन संकेश्वरच्या बाजाराला निघालो होतो. सर्व्हिस मोटार हत्तरगी सोडून पुढं आली आणि उसाच्या गाड्यांच्या मागं अडकली. एकामागं एक गाड्या, बैल आपल्या चालीनं चाललेले, गाडीवान उसाच्या ढिगावर उताणे पडलेले. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला. मोटारीतले लोक वैतागले. मी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कुठंतरी जवळच गुऱ्हाळ लागलं होतं. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास, चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाचा धूर, त्यात बैलांच्या अंगाचा वास मिसळलेला. मला हसूच आलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हसायला काय झालं वो?"

"काय न्हाय," मी म्हटलं, "ह्या गाड्यांनी एकदा माझं लई भलं केलंय."

ते जरा सरकून बसले.

ती सुगी दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. वडगावात घरचा माग. वडिलांच्या मागं तो मीच चालवायचो. विणलेली लुगडी सायकलच्या मागं बांधून संकेश्वर, निपाणीपर्यंत पोचवायचो आणि दिवस मावळायच्या आत परत यायचो. यात काही विशेष आहे असं मला वाटत नव्हतं. पाय मागावर बळकट झालेले, रस्ता मोकळा, आणि पोटात भाकरी.

शहापूरला बसाप्पांचं सायकलचं दुकान होतं. एकदा ते मोटारीनं निपाणीहून परत येत होते. त्यांची मोटार संकेश्वरला चहाला थांबली तेव्हा मी शेजारून गेलो, आणि वंटमुरीचा घाट चढून आल्यावर काकतीजवळ त्यांना मी पुन्हा दिसलो. अजून त्यांच्या पुढंच. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी हजर. मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून म्हणाले, "विष्णू, माझ्या दुकानची सायकल मारतोस काय? पगार देतो."

"कुठं पोचवायचं असतंय?"

"कुठं न्हाय. शर्यतीत मारायची. तू पुढं आलास की लोक म्हणतील, बसाप्पाची सायकल पुढं आली. मग माझ्याकडं सायकली घ्यायला येतील."

अनसूया, माझी बायको, कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती. बसाप्पा गेल्यावर ती म्हणाली, "नुसतं बसून पाय हलवायचा पगार?"

"मग मागावर काय करतोय मी?"

तिनं थोडा विचार केला. "ते बी खरं. हितं पाय हलवून गाव पुढं सरकत न्हाय, एवढाच फरक." आणि तिनं हसून कांडी बदलली. मी शर्यतीला जाईन तेव्हा माग ती चालवेल, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं.

अशा रीतीनं मी पगारी सायकलस्वार झालो. वडगावात ही गोष्ट सांगितली की लोकांना थट्टा वाटे.

पण पगाराला एक अट होती. दुकानचा खरा गडी मी नव्हतो. तो होता पायगोंडा, निपाणीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. उंच, सडसडीत, घाट चढताना श्वासाचा आवाजसुद्धा येत नसे. जिंकायचं ते त्यानं. मी त्याच्या पुढं राहून त्याच्या वाट्याचा वारा खायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर माझं काढून द्यायचं, आणि काहीही झालं तरी त्याला सोडायचं नाही. बसाप्पांनी बोट वर करून सांगितलं होतं, "पायगोंडा हरला, तर फुडल्या सुगीला ना त्यो, ना तू. दोघं बी घरला." त्याला तंबाखूच्या शेतात परत जायचं नव्हतं. आणि मलाही, खरं सांगायचं तर, तो मोकळा रस्ता सुटायला नको होता.

मला त्या अटीचं वाईट वाटत नव्हतं. पायगोंडाचा राग येणं शक्यच नव्हतं. न गाळता पाणी तो घेत नसे. सगळे तहानेनं कासावीस होऊन विहिरीवर लोटा तोंडाला लावायचे, आणि हा कमरेचं फडकं सोडून, लोट्याच्या तोंडावर नीट बसवून, शांतपणे पाणी गाळत उभा. मागचे लोक पुढं निघून जायचे. मी ओरडायचो, "आरं चल की!" तो म्हणायचा, "जीव हायत त्यात. त्यास्नी कशाला शर्यतीत घ्यायचं?" आणि मग पुढच्या दोन मैलांत सगळ्यांना गाठायचा. ते फडकं माझ्याच मागावरचं होतं. पातळ विणून दिलं होतं, पाणी लवकर गळावं म्हणून.

ती शर्यत तीन दिवसांची होती. बेळगाव-निपाणीकडच्या दुकानदारांनी मिळून ठेवलेली. पहिल्या दिवशी बेळगावहून लोंढ्याला जाऊन परत, दुसऱ्या दिवशी बेळगाव ते निपाणी, आणि तिसऱ्या दिवशी निपाणीहून परत बेळगाव. तीन दिवसांचा मिळून ज्याचा वेळ कमी, तो पहिला; रोजच्या पहिल्याला वेगळं बक्षीस. लोंढ्याच्या जंगलातल्या रस्त्यानं निम्मे गडी गाळले. निपाणीत पोचलो तेव्हा आम्ही अकरा जण उरलो होतो. पायगोंडा पहिला, आणि त्याच्या मागं अवघ्या दोन मिनिटांवर कोल्हापूरचा गणपत. हा गणपत तालमीत वाढलेला. मानेवर, खांद्यावर नुसतं मांस. सायकल त्याच्याखाली खेळण्यासारखी दिसे. पण उताराला लागला की दगड गडगडत यावा तसा यायचा, आणि सपाटीवर कुणाला सोडत नसे.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मला अजून तासातासानं आठवते. निपाणीच्या हवेत तंबाखूचा वास असतोच, पण थंडीत तो खाली बसतो. श्वास घेतला की नाकात झोंबतो. पायगोंडाची आई उजाडताच गावाहून बैलगाडीनं आली होती. तिनं आम्हा दोघांना समोर बसवून दही-भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. मग तिची नजर गणपतकडं गेली. तो एकटाच पायरीवर बसून फुटाणे खात होता. "आरं, त्यो कोण? त्याला बी बोलवा की."

पायगोंडा म्हणाला, "आये, त्यो मला हरवायला निघालाय."

"निघू दे. उपाशी कशाला निघायचं?"

गणपत आला, तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि म्हातारीच्या पाया पडला. अशी ती शर्यत.

सूर्य वर आला आणि आम्ही निघालो. निपाणी सोडली की लगेच तवंदीचा चढ. धुकं खाली राहिलं, आम्ही त्यातून वर आलो, आणि अंगातली थंडी पळाली. मी पुढं, माझ्या चाकाला लागून पायगोंडा, त्याच्या मागं गणपत. मागून पंचांची मोटार येत होती. तिच्यात बसाप्पा डोक्याला मफलर गुंडाळून बसलेले. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना वड, आणि वडांच्या पलीकडं ज्वारी कंबरेच्या वर आलेली. शेतातल्या बायका हात वर करून विचारायच्या, "कुठं निघालासा रं एवढ्या घाईनं?" आमच्यातला कुणीतरी ओरडायचा, "घरला!"

संकेश्वरला नदीच्या पुलावर उसाच्या गाड्या लागलेल्या. पुलावर एक गाडी कलंडली होती. ऊस रस्ताभर पसरलेला, आणि मागं-पुढं पंधरा-वीस गाड्या अडकून उभ्या. आम्ही अकराही जण ब्रेक लावून थांबलो. मोटार तर लांबच राहिली. गाडीवानांना आमची दया आली की गंमत वाटली कुणास ठाऊक, पण एकानं ऊस मोडून प्रत्येकाच्या हातात दिला. "खावा. बैलं काय उडून जाणार न्हाईत, तुमी बी न्हाई."

आम्ही पुलाच्या कठड्याला सायकली टेकल्या आणि ऊस सोलायला लागलो. घटकेपूर्वी एकमेकांचा जीव घ्यायला निघालेली अकरा माणसं ओळीनं बसून ऊस खात होती, चोथा नदीत टाकत होती. खाली पाण्यावर ऊन पडलेलं. गणपतनं दातानं एका ओढीत अर्ध्या हाताचं साल काढलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मी आयुष्यात इतका गोड ऊस खाल्लेला नाही.

ऊस खाता खाता पायगोंडा माझ्याकडं वळला आणि कन्नडात हळूच म्हणाला, "नी मुंद होग. अंव निन्न बेन्न हत्ती बरतान." तू पुढं नीघ, तो तुझा पाठलाग करत येईल. त्याचा बेत माझ्या लक्षात आला. मी एकटा पुढं पळालो तर गणपतला वाटणार, हा आजचं बक्षीस घेऊन सुटला. तो माझ्यामागं जीव तोडून येणार, वंटमुरीच्या पायथ्याशी दमणार, आणि पायगोंडा मागून ताज्या पायांनी चढून जाणार. कोल्हापूरच्या गड्याला कन्नड कुठलं यायला? तो शेजारीच बसून ऊस चावत होता.

मीही कन्नडातच म्हटलं, "मालक म्हणलेत, तुला सोडायचं न्हाय."

"मालक मोटारीत हायत," पायगोंडा म्हणाला, "आणि मोटार गाड्यांच्या मागं हाय."

मी सायकल उचलली. दोन गाड्यांच्या मधून वाट काढताना दोन्ही बाजूंनी उसाचा पाला अंगाला करकरून लागला. पाठीवर नंबराचं कापड शिवलेलं होतं, ते त्या पाल्यात अडकून टराटरा निघालं. मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. पूल ओलांडला, टांग टाकली आणि सुटलो.

दोन मैल गेलो, चार मैल गेलो. दर वळणावर वाटे, आता आला. मागं बघावं तर रस्ता मोकळा. हत्तरगी मागं पडली. नदीवरचा वारा अंगावर आला, तोही गेला. गणपत काही येईना. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. आमिष म्हणून आपल्याला टाकलंय आणि मासा येतच नाही, म्हणजे मागं काहीतरी घडलंय. पायगोंडाचं चाक फुटलं असेल. तो रस्त्याकडेला उभा असेल, त्याला माझं चाक हवं असेल, आणि मी इथं त्याच्यापासून मैलभर पुढं पळतोय. वंटमुरीचा घाट सुरू झाला तेव्हा पाय चढत होते, पण मन मागं उतरत होतं.

घाटाच्या माथ्यावर मी खाली उतरलो. असं शर्यतीत कुणी करत नाही. पण माझ्यानं पुढं जाववेना. सायकल हातात धरून कडेच्या दगडावर चढलो आणि खाली पाहिलं. झाडांच्या मधून घाटाची खालची वळणं तुकड्यातुकड्यानं दिसत होती. आधी काहीच नाही. मग एका वळणावर दोन ठिपके आले. एक पांढरा सदरा, एक निळा. पायगोंडा आणि गणपत. जोडीनं, सावकाश, शेतावरून घरी निघाल्यासारखे. परत झाडीत शिरले, परत दिसले. पायगोंडानं मान वर केली. मी त्याला दिसलो. त्यानं हँडलवरचा एक हात सोडला आणि हवेत जोरानं पुढं ढकलला. जा!

मी अजून उभाच. त्यानं दुसऱ्यांदा हात झटकला, आणि घाटातून बारीक आवाज वर आला. "जा की रंऽऽ!"

तोपर्यंत मी ज्या ज्या शर्यतीत उतरलो, त्यात माझ्या पुढं वारा असायचा आणि मागं पायगोंडा. त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्या मागं कुणाचं काही नव्हतं. कुणासाठी वारा खायचा नव्हता, कुणाचा श्वास ऐकायचा नव्हता. माझ्या दोन पायांनी मला जिकडं न्यायचं तिकडं न्यावं, इतकंच काम. काकतीपर्यंतचा रस्ता मी कसा आलो ते सांगता येणार नाही. मी गात होतो, एवढं आठवतं. गाणं कसलं, मागावर हात बसवताना जे तोंडातल्या तोंडात पुटपुटतो ते, पण मोठ्यांदा. शेताला निघालेला एक म्हातारा मला बघून बांधावर चढून उभा राहिला. धुळीनं घसा बसेपर्यंत मी गात राहिलो.

आणि बेळगावात पोचलो, तर बेळगाव माझी वाट बघत नव्हतं.

किल्ल्याच्या तळ्याजवळ शर्यत संपायची होती. रस्त्यावर दोर आडवा धरलेला, त्याच्या पलीकडं फीत. दोन्ही बाजूंना माणसं, एका बाजूला बायकांची गर्दी. वाजंत्रीवाले ताशे खाली ठेवून चहा पीत होते. पंचांची मोटार संकेश्वरलाच अडकलेली, त्यामुळं कोण पुढं आहे याची इथं कुणालाच खबर नव्हती. सायकलस्वार यायला अजून वेळ आहे, अशी सगळ्यांची समजूत. मी दोराशी येऊन थांबलो. अंगावर लाल धूळ, पाठीवर नंबर नाही, केसांत उसाचा पाला.

एक पोलीस पुढं आला. "ए, बाजूला हो. शर्यत यायलीय."

मला बोलायचं होतं. तोंडातून नुसती हवा आली. छातीवर हात ठेवून कसंबसं म्हटलं, "शर्यत... मीच..."

"व्हय, आणि मी लाटसाहेब." त्यानं सायकलचं हँडल धरलं आणि मला रस्त्याच्या कडेला न्यायला लागला.

हातात घड्याळ आणि यादी घेतलेले एक पेन्शनर मास्तर धावत आले. "थांबा, थांबा. कोण तुम्ही? नंबर कुठंय? नाव सांगा."

मी ओठ हलवले. घशातून काही निघेना. मास्तरांनी कानामागं हात धरला. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून आवाज आला, "सोडा त्यास्नी! आमचं हायत ते!"

अनसूया. वडगावाहून चालत आली होती; पदर खोचलेला, केसांत अजून सुताचे तंतू. पुरुषांच्या गर्दीला कोपरानं सारत ती दोराशी आली.

मास्तरांनी यादीवर बोट ठेवलं. "आमचं म्हणजे कोण? नाव सांगा, बाई. नावाशिवाय मला सोडता यायचं नाही."

अनसूयानं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत तिनं माझं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आमच्यात कुणीच काढत नाही. ह्ये, आमचं, घरातलं माणूस, असंच चालतं. देवाचं नाव घेतानासुद्धा ती ते एक नाव टाळून दुसरं घ्यायची. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "घे की गं, उखाण्यात घे!"

त्याच वेळी लोक ओरडले. काकतीच्या बाजूला धूळ उठली होती. एक पांढरा सदरा, एक निळा. जोडीनं, आणि आता सावकाश मुळीच नाही.

अनसूयानं धुळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून सगळ्या बेळगावाला ऐकू जाईल असं ओरडली, "विष्णू! विष्णू सिद्धाप्पा हावळ, वडगाव! सोडा त्यास्नी!"

मास्तरांचं बोट यादीवर थांबलं. "आहे! सोडा, सोडा!"

दोर खाली पडला. मी टांग टाकली. वीस पावलांचा रस्ता. फीत माझ्या छातीला लागली आणि मागून दोन सायकली सूं करून शेजारून गेल्या. वाजंत्रीवाल्यांना ताशे उचलायला उशीर झाला. त्यांनी तो नंतर दुप्पट वाजवून भरून काढला.

त्या दिवसाचा पहिला मी. तीन दिवसांचा पहिला पायगोंडा, कारण गणपत त्याच्या जोडीनं आला आणि ती दोन मिनिटं जागच्या जागी राहिली. पायगोंडानं मला सायकलसकट मिठी मारली. गणपत गवतावर पाय पसरून पडला होता. मी त्याला विचारलं, "माझ्यामागं का आला न्हाईस?"

तो हसत हसत उठून बसला. "आजोळ माझं गोकाकचं. आई घरात कन्नडच बोलती. 'अंव निन्न बेन्न हत्ती बरतान' व्हय? म्हणलं, मी काय एवढा खुळा हाय काय? बसलो पायगोंडाच्या चाकाला धरून. तुला कोण धरतंय? तू आमिष!"

आम्ही तिघं पोट धरून हसलो. तासाभरानं बसाप्पांची मोटार आली. ते उतरताच माझ्यावर धावले, "पायगोंडाला सोडून कसा गेलास तू?" मग त्यांना दोन्ही बक्षिसं दिसली. त्यांनी मफलर काढला, घडी घातली, परत गुंडाळला, आणि म्हणाले, "बरं केलंस."

दुपारी आम्ही दोघं वडगावच्या वाटेला लागलो. सायकल मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. शहापूरच्या पेठेत लोक दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. ती खाली मान घालून चालली होती, कान लालबुंद. पेठ संपली, रस्ता मोकळा झाला. माझा आवाज थोडा परत आला होता.

मी म्हटलं, "परत एकदा म्हण की."

"काय?"

"नाव."

ती पुढं बघतच म्हणाली, "एवढं गावभर सांगितलं न्हवं? आता जन्मभर तेवढ्यावर भागवा."

भागवतोय.